नजर, नाव आणि वस्तू : स्वमग्न मुलांच्या शब्दसंपादनावरील संशोधनाची चिकित्सा

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुले वस्तूंची नावे कशी शिकतात, ही चर्चा निघाली की एका प्रयोगाचा हवाला हमखास दिला जातो. सायमन बॅरन-कोहेन, डेअर बाल्डविन आणि मेरी क्रॉसन यांनी तो १९९७ साली प्रसिद्ध केला. मुलाच्या हातात एक अनोळखी खेळणे, प्रयोगकर्तीची नजर दुसऱ्याच खेळण्यावर, आणि ती एक बनावट नाव उच्चारते. इतर मुले बहुधा तिची नजर कुठे आहे ते पाहतात आणि नाव त्या वस्तूला जोडतात. बहुतेक स्वमग्न मुलांनी ते आपल्याच हातातल्या खेळण्याला जोडले.

प्रयोगाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्यावरून 'ही मुले आवाज आणि वस्तू यांची नुसती गाठ मारतात, त्यांना अर्थ कळत नाही' असे म्हणणे म्हणजे राईचा पर्वत करणे होय. मेलिसा प्रेसलर व सुसान केरी यांनी २००५ साली दाखवून दिले, की नजरेच्या कसोटीत नापास झालेली मुले दुसऱ्या कसोटीत उत्तीर्ण होतात. समोर एक ओळखीची व एक अनोळखी वस्तू ठेवून नवे नाव घेतले, तर ती अनोळखी वस्तू उचलतात. 'हिला नाव आहे, तेव्हा हे नाव तिचे' हा तर्कच झाला, गाठ नव्हे. पुढे २००९ साली ऱ्हियानन लुइस्टर आणि कॅथरीन लॉर्ड यांनी स्वमग्न मुलांची तुलना तेवढाच शब्दसंग्रह असलेल्या इतर मुलांशी केली, तेव्हा नजरेच्या कसोटीतही उल्लेखनीय फरक उरला नाही.

चित्रांच्या बाबतीत मात्र अडचण खरी आहे. प्रेसलर यांच्या २००८ च्या अभ्यासात तीव्र स्वमग्नता असलेल्या मुलांना चित्रावरून नवे नाव शिकवले. नंतर चित्र आणि खरी वस्तू समोर ठेवल्यावर अनेकांनी चित्रच दाखवले. चित्रकार्डांवर विसंबणाऱ्या आपल्या शिक्षकाने हे ध्यानी घ्यावे : कपाचे कार्ड ओळखले म्हणजे कप कळला असे नाही. खरा कप, तोही दोन-तीन तऱ्हांचा, हाताशी हवा.

आता भाषेच्या अध्यापकाचा प्रश्न. वरील तर्क 'एका वस्तूला एकच नाव' या गृहीतकावर उभा आहे. घरी दखनी आणि शाळेत मराठी असलेल्या मुलाला मात्र कैंची आणि कात्री एकच असतात. क्रिस्ता बायर्स-हाइनलाइन व जॅनेट वर्कर यांनी २००९ साली स्वमग्न नसलेल्या दीड वर्षांच्या बालकांत पाहिले, की एकभाषिक बालके हा तर्क सरसकट वापरतात, द्विभाषिक कमी आणि त्रिभाषिक तर वापरतच नाहीत. म्हणजे आपल्याकडील एखादे मूल या कसोटीत अडखळले, तर त्याचे कारण स्वमग्नतेऐवजी घरही असू शकते. चाचणी घेणाऱ्याने मुलाला त्या वस्तूचे घरचे नाव आधी विचारले आहे काय, हे पाहिल्याशिवाय गुणांकनाला अर्थ नाही.

अशा वेळी पालकांना पुष्कळदा सांगितले जाते, की घरची बोली बंद करा, मूल गोंधळते. कॅथरीन हॅम्बली व एरिक फोम्बोन यांनी २०१२ साली कॅनडात केलेल्या अभ्यासात दोन भाषा ऐकणाऱ्या स्वमग्न मुलांचा भाषाविकास एकभाषिक स्वमग्न मुलांपेक्षा मागे आढळला नाही. आईची बोली तोडायला लावणाऱ्या त्या सल्ल्याला या संशोधनात आधार सापडत नाही.