ग्राहक न्यायप्रक्रियेतील संशयित फेरफाराचा आक्षेप : एक चिकित्सा

प्रस्तावना

महसुली मराठीत 'फेरफार' हा शब्द निर्दोष आहे. गाव नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही. वारसाचे नाव लावायचे असो वा खरेदीखताची नोंद घ्यायची असो, तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) फेरफार धरतो, संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. न्यायालयीन भाषेत मात्र हाच शब्द आरोप बनतो. पावतीवरील तारीख गिरवली, रुग्णपत्रिकेत मागाहून एक ओळ घुसडली, विमा प्रस्तावातील 'नाही'चे 'होय' झाले, की दस्तऐवजात फेरफार झाल्याचे म्हटले जाते. शब्द एकच असला तरी पहिल्या प्रकारात बदल कोणी, केव्हा व कशाच्या आधारे केला हे लिहिलेले असते आणि हरकतीला जागा असते. दुसऱ्या प्रकारात यांपैकी काहीच नसते. ग्राहक आयोगापुढे अशा हरकतीला न्यायनिर्णयांनी किती जागा ठेवली आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

हा प्रश्न केवळ शहरी ग्राहकाचा नाही. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात त्या आळेफाट्यावर जुन्नर बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार भरतो. या परिसरातील शेतकरी बियाणे, औषधे, ठिबक संच, ट्रॅक्टर, विमा अशा अनेक वस्तू व सेवांचा ग्राहक आहे. समजा, कांद्याचे बियाणे सदोष निघाले. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी (२०१२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा शेतकरी ग्राहक ठरतो हे मान्य केले. प्रयोगशाळेत पाठविण्यासाठी त्याने पेरणीआधी बियाण्याचा नमुना राखून ठेवावा, ही अपेक्षाही न्यायालयाने अवाजवी ठरविली. निकाल शेतकऱ्याच्या हिताचा आहे. परंतु त्याचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. बियाणे मातीत गेल्यावर हाती उरतात ते कागद : बिल, पिशवीवरील लेबल आणि तालुकास्तरीय समितीचा पाहणी अहवाल. या तिन्हींना जोडणारा दुवा म्हणजे लॉट क्रमांक. दुकानदाराने दाखल केलेल्या स्थळप्रतीवर हा क्रमांक वेगळा दिसला, तर संपूर्ण दावा त्या चार-सहा अंकांवर येऊन थांबतो.

आक्षेप आणि अधिकारक्षेत्र

अशा वेळी 'हा कागद बदललेला आहे' असे तक्रारदाराने म्हणताच दुसऱ्या बाजूकडून एक ठरीव उत्तर येते : बनावटीकरणाचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे, आयोगाची कार्यपद्धती संक्षिप्त आहे, सबब तक्रारदाराने दिवाणी न्यायालयात जावे. या उत्तरामागे निर्णयांची एक परंपरा उभी आहे. ब्राइट ट्रान्सपोर्ट कंपनी विरुद्ध सांगली सहकारी बँक या महाराष्ट्रातील प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने २०१२ मध्ये, फसवणूक व बनावटीकरणाच्या आरोपांवर आधारलेल्या आणि विस्तृत पुराव्याची गरज असलेल्या तक्रारी स्वीकारता येणार नाहीत अशी भूमिका घेतली. सिटी युनियन बँक विरुद्ध आर. चंद्रमोहन (२०२३) या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही, तीव्र वादग्रस्त तथ्ये अथवा फसवणुकीसारखी गुन्हेगारी कृत्ये ज्यांत गुंतली आहेत अशा तक्रारींचा निर्णय आयोग करू शकत नाही, असे म्हटले.

या विधानाची व्याप्ती तपासून पाहणे आवश्यक आहे. तथ्य वादग्रस्त करणे हे प्रतिपक्षाच्या हातात असते. नुसते नाकारले तरी तथ्य वादग्रस्त होते. मग वादाची तीव्रता हाच निकष मानल्यास, कागद बदलणाऱ्यालाच आयोगाचे दार बंद करण्याची किल्ली मिळते. शिवाय चंद्रमोहन प्रकरणात न्यायालय तेवढ्यावर थांबलेले नाही. बँकेच्या सेवेत त्रुटी सिद्ध झाली आहे का, हेही त्याने तपासले आणि ती सिद्ध न झाल्याचा निष्कर्ष काढला. तेव्हा त्या निकालाचा आधार घेऊन पुराव्याकडे न पाहताच तक्रार परत करणे, हे त्याचे अपुरे वाचन होय.

याउलट सीसीआय चेंबर्स सहकारी गृहनिर्माण संस्था विरुद्ध डेव्हलपमेंट क्रेडिट बँक (२००३) या निकालातील निकष अधिक काटेकोर आहे. प्रश्न गुंतागुंतीचा आहे की नाही हे निर्णायक नाही. तो संक्षिप्त चौकशीत सुटण्याजोगा आहे की नाही, हे निर्णायक आहे. आणि तेही दोन्ही बाजूंचे म्हणणे समोर आल्यावरच ठरविता येते. त्याआधी डॉ. जे. जे. मर्चंट विरुद्ध श्रीनाथ चतुर्वेदी (२००२) या प्रकरणात डॉक्टरांनी असाच गुंतागुंतीचा मुद्दा उपस्थित केला असता न्यायालयाने तो फेटाळला आणि तज्ज्ञांची उलटतपासणी लेखी प्रश्नावलीने, कमिशनरमार्फत किंवा दूरसंपर्काने घेता येईल असा मार्ग दाखविला. या दोन निकालांची दिशा आणि २०१२ नंतरची दिशा यांत जो ताण आहे, तो अभ्यासकांनी पुरेसा टिपलेला दिसत नाही.

कायद्याची रचना तर पहिल्या दिशेलाच अनुकूल आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार आयोगाला साक्षीदारास समन्स काढणे, दस्तऐवज हजर करविणे, शपथपत्रावर पुरावा घेणे यांबाबत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. परीक्षण अहवालही मागविता येतो. येथे एक बारकावा आहे. 'उचित प्रयोगशाळा' या संज्ञेची व्याख्या वस्तूंमधील दोषापुरती आहे. हस्ताक्षर किंवा शाई तिच्यात बसत नाही. पण त्याच खंडात पुढे 'अन्य कोणत्याही संबंधित स्रोताकडून' अहवाल मागविण्याची मुभा आहे आणि दस्तऐवज तज्ज्ञ तेथे निःसंशय बसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खोट्या पुराव्याच्या संदर्भात आयोगापुढील कार्यवाही न्यायिक कार्यवाही मानली जाते. आयोगापुढे बनावट कागद येऊ शकतो हे विधिमंडळाने गृहीत धरले आहे. तो येताच आयोगाने हात झटकावेत, असा त्याचा हेतू संभवत नाही.

खरी गफलत दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्याने होते. कागद कोणी बदलला, हा गुन्ह्याचा प्रश्न. त्याला निःसंशय पुरावा हवा. या कागदावर विसंबता येते का, हा आयोगाचा प्रश्न. त्याला शक्यतेचे पारडे पुरते. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी पहिल्याचे उत्तर लागत नाही. इक्बाल सिंग मारवाह विरुद्ध मीनाक्षी मारवाह (२००५) या घटनापीठाच्या निकालानंतर तर, न्यायालयात दाखल होण्यापूर्वीच बनविलेल्या कागदाबाबत स्वतंत्र फौजदारी कार्यवाहीला अडथळा उरलेला नाही. दोन्ही मार्ग समांतर चालू शकतात.

दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखविणाऱ्यांनी पुण्यातीलच एका जुन्या दाव्याचे स्मरण ठेवावे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेला एक तरुण उपचारासाठी पुण्यात आणला गेला आणि दगावला. रक्तात चरबीचे कण अडकून मृत्यू झाल्याचे डॉक्टरांचे कारण पित्याने नाकारले. साक्षी-उलटतपासण्यांनंतर न्यायालयांनीही ते कारण स्वीकारले नाही. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले या नावाने तो निकाल वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्याचा पाया ठरला. मात्र सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला १९६८ मध्ये. ते पिता स्वतः डॉक्टर होते. आळेफाट्याच्या शेतकऱ्याकडून त्या पंधरा वर्षांची अपेक्षा करणे व्यवहार्य नाही.

मूळ प्रत

आक्षेप घेणाऱ्यावरही जबाबदारी आहेच. 'सर्व कागद खोटे आहेत' हे वाक्य कोणत्याही आयोगाला पटणार नाही आणि पटूही नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम ४ प्रमाणे फसवणुकीचा तपशील द्यावा लागतो. तोच दंडक येथे लावणे योग्य. कोणत्या पानावरील कोणती नोंद, ती मूळ कशी होती, बदलाचा लाभ कोणाला, हे शपथपत्रात नेमके यावे. तपशिलाविना घेतलेला आक्षेप तक्रारदाराच्याच अंगाशी येतो.

त्यानंतरचे पाऊल तज्ज्ञाचे नव्हे, मूळ प्रतीचे. ती ज्याच्या ताब्यात आहे त्याने हजर करावी असा अर्ज द्यावा आणि हजर न केल्यास प्रतिकूल अनुमान काढण्याची विनंती करावी. दुसरा स्रोतही बहुधा असतो : विक्रेत्याची साठा नोंदवही, कंपनीचे पाठवणीपत्र, बँकेचा खातेउतारा, तलाठी दप्तर. प्रतिपक्षाच्या हाती नसलेल्या दप्तरातील नोंद ही अक्षरतज्ज्ञाच्या मतापेक्षा सहसा भक्कम ठरते. मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९८०) या निकालाने तज्ज्ञाचे मत सावधपणे पाहण्यास सांगितले आहे. तर पाली राम प्रकरणात (१९७९) न्यायाधीशाने स्वतःच तज्ज्ञ बनण्याचा मोह टाळावा असा इशारा आहे.

शेतकरी अपघात विम्याच्या दाव्यांत हे विशेष प्रत्ययास येते. दिवंगत व्यक्ती त्या दिवशी खातेदार होती का, हा वाद सातबाराच्या झेरॉक्सवर अडतो. फेरफार नोंदवहीची प्रमाणित नक्कल काढली की नोंदीचा क्रमांक आणि प्रमाणनाची तारीख समोर येते. राज्य शासनाने २०२३ मध्ये गोपीनाथ मुंडे योजनेचे रूपांतर सानुग्रह अनुदानात केल्याने त्यातून विमा कंपनी बाजूला झाली. तथापि तत्पूर्वीच्या दाव्यांना आणि अन्य विम्यांना हा मुद्दा लागू राहतोच.

२०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहण्याच्या ठिकाणाच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. पुण्याचा हेलपाटा त्यामुळे काही अंशी वाचला. पण स्कॅन केलेल्या प्रतीत खोडरबराचा ओरखडा, दोन शायांतील छटा, कार्बनचा दाब, टाचणीची जुनी छिद्रे यांपैकी काहीही दिसत नाही. संशय येण्याजोगे जे काही असते, तेच या प्रतीतून गळून पडते. व्हिडिओ सुनावणीत सदस्यांसमोर असतो तोच पडद्यावरचा कागद. म्हणून लेखी म्हणणे हाती येताच, पुराव्याच्या शपथपत्राची वाट न पाहता, मूळ प्रतीच्या निरीक्षणाचा अर्ज द्यावयास हवा. स्थळप्रतीचे ते पुस्तक तोवर दुकानाच्या कपाटातच असते.