धाराऊच्या घरात कोण होतं?

5 सप्टेंबर 1659 ला राजगडावर सईबाई गेल्या. वय पंचविशीच्या आसपास, संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या इथं डोळे पुसतात नि लगेच प्रतापगडाकडे धावतात. खानाची भेट दोन महिन्यांवर आलेली असते ना!

शिवाजी सावंतांच्या ‘छावा’त (1979) कापूरहोळची धाराऊ येते, बाळराजांना माया लावते. ते आम्हाला आवडतंच. पण दूधआई म्हणजे पदरी स्वतःचं तान्हं असणार की! भोरकडच्या त्या गावातून निघताना त्या लेकराचं काय ठरलं? तिला कुणी विचारलं का? वेल्ह्यातल्या गडांचा दगड न दगड आम्ही कादंबऱ्यांत वाचला. कापूरहोळचं ते घर मात्र अजून शोधतोय.