शुक्रवारच्या आधी, गुरुवारच्या नंतर

२८ एप्रिल २०२३ ला भाऊराव कऱ्हाडे यांचा 'टीडीएम' प्रदर्शित झाला आणि तो पाहायचा कुठे, हाच प्रेक्षकांपुढचा पहिला प्रश्न ठरला. शो मोजके आणि त्यांच्या वेळा अडनिड्या. चित्रपटगृहात प्रेक्षकांशी बोलताना कलाकारांना रडू आवरलं नाही, त्याच्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या. शेवटी चित्रपट मागे घ्यावा लागला आणि ९ जूनला तो पुन्हा लावला गेला. कऱ्हाडे काही नवखे नव्हते. शेतजमीन विकून त्यांनी 'ख्वाडा' उभा केला होता आणि ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा गौरव झाला होता. एवढी पुण्याई गाठीशी असलेल्या दिग्दर्शकाची ही गत असेल, तर पहिलाच चित्रपट घेऊन वितरकाच्या दारात उभ्या राहिलेल्या मुलामुलींचं काय होत असेल?

मराठीत आज कमी पैशांत चित्रपट बनवणं पूर्वीइतकं कठीण राहिलेलं नाही. डिजिटल कॅमेरे आले, घरच्या संगणकावर संकलन होऊ लागलं, गावातली माणसं कॅमेऱ्यासमोर न बुजता उभी राहू लागली. चांगले चित्रपट बनताहेत आणि जगभर नावाजलेही जाताहेत. ते आपल्याच प्रेक्षकांपर्यंत पोचत मात्र नाहीत. याचं खापर बहुतेक वेळा 'मराठी माणूस चित्रपटगृहात येत नाही' या वाक्यावर फोडलं जातं. ते अपुरं आहे. छोट्या चित्रपटाला सगळ्यात जास्त गरज असते ती वेळेची, आणि आपल्या वितरणाच्या व्यवस्थेत नेमकी तीच त्याला मिळत नाही.

साधा हिशोब मांडून पाहावा. दोनशे रुपयांच्या तिकिटातून अठरा टक्के जीएसटी वजा केला की एकशे सत्तरच्या आसपास उरतात. पहिल्या आठवड्यात त्यातले निम्मे चित्रपटगृहाचे. उरलेल्या पंच्याऐंशी रुपयांतून वितरकाचं कमिशन गेलं की निर्मात्याच्या हाती सत्तर-पंच्याहत्तर रुपये येतात. चित्रपटाला एक कोटी लागले आणि जाहिरात, प्रदर्शन यांवर आणखी पन्नास लाख गेले असं धरलं, तर नुसती मुद्दल सुटायला दोन लाख माणसांनी तिकीट काढावं लागतं. त्यात डिजिटल प्रक्षेपणासाठी पडद्यागणिक मोजावं लागणारं शुल्क वेगळं. रीळ गेलं, रिळाच्या प्रतींचा खर्चही गेला, पण त्याच्या जागी आलेलं हे शुल्क लहान निर्मात्याच्या मानेवरून काही उतरलं नाही. जुलै २०१७ पर्यंत राज्यात मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता. जीएसटी आला आणि ती सवलतही आपोआप संपली.

खरी मेख मात्र टक्केवारीच्या उतरणीत आहे. २००९ च्या उन्हाळ्यात निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात जुंपली, दोन महिने नवे हिंदी चित्रपट लागले नाहीत आणि त्यातून एक सूत्र ठरलं. निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३०. मोठ्या तारांकित चित्रपटासाठी हे सूत्र चोख आहे, कारण त्याची कमाई पहिल्या तीन दिवसांतच होते. एकही नावाजलेला चेहरा नसलेला चित्रपट लोकांना कळतो तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, कोणी तरी पाहून येऊन घरी सांगतं तेव्हा. त्याचा प्रेक्षक वाढू लागतो त्याच वेळी त्याचा वाटा घटलेला असतो. अर्थात तोवर तो पडद्यावर टिकला तर. सोमवारी आकडे पाहून शो कमी होतात आणि गुरुवारी रात्री बरेचदा निरोपाचा खेळ होतो.

पडद्याचं हे भांडण जुनंच आहे. १९७१ मध्ये दादरच्या कोहिनूरमध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला बाजूला सारून देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचा घाट घातला गेला, तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले आणि शिवसैनिकांनी आंदोलन केलं. 'सोंगाड्या' लागला, चालला आणि पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून आपल्याकडे या दुखण्यावर एकच औषध रुजलं: दबाव. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती जाहीर केली. संध्याकाळी सहा ते नऊ ही आधी सांगितलेली वेळ पुढे ताणून दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. तरीही हा निर्णय योग्य दिशेचा होता. पण सक्तीने पडदा मिळतो, प्रेक्षक मिळत नाही. आणि सक्तीचा पडदा 'मराठी' या एका खणात मोठ्या स्टुडिओचा चित्रपट आणि कर्जाने केलेला चित्रपट दोन्ही कोंबतो. 'टीडीएम' ज्या दिवशी लागला, त्याच शुक्रवारी 'महाराष्ट्र शाहीर'ही लागला होता.

प्राइम टाइमच्या त्या निर्णयाच्या काळातच गाजलेल्या 'कोर्ट'चं उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या या पहिल्या चित्रपटाने सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार मिळवले. मार्च २०१५ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आणि १७ एप्रिलला, म्हणजे महिन्याच्या आत, चित्रपट भारतात लागला. पुरस्काराची बातमी वर्तमानपत्रात ताजी असताना तिकीट काढता येत होतं. निर्माते विवेक गोम्बर यांनी साधलेली ही वेळ इतरांना क्वचितच साधते. जयंत सोमलकरांच्या 'स्थळ'ला टोरंटोत नेटपॅक पुरस्कार मिळाला सप्टेंबर २०२३ मध्ये. महाराष्ट्रात तो लागला ७ मार्च २०२५ ला. छत्रपाल निनावे यांचा 'घात' फेब्रुवारी २०२३ मध्ये बर्लिनला दाखवला गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये इथे आला. दीड वर्षात बातमी शिळी होते. महोत्सवाने कमावून दिलेलं नाव वितरक शोधता शोधता खर्ची पडतं आणि प्रसिद्धी पुन्हा शून्यापासून सुरू करावी लागते.

ही प्रसिद्धीही बहुधा उसन्या पद्धतीने होते. कलाकारांनी दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमात जायचं, महाविद्यालयांत नाचून यायचं, एक गाणं आधी सोडायचं. ज्या चित्रपटात नाचण्याजोगं गाणंच नाही त्याने काय करावं, याचं उत्तर या पद्धतीत नाही. मग पोस्टरवर महोत्सवांची नावं पानांच्या महिरपीत ओळीने छापली जातात. मुंबई-पुण्यातल्या जाणत्या प्रेक्षकाला त्या महिरपींचा अर्थ कळतो. लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या प्रेक्षकाला त्यातून एवढंच कळतं की हा चित्रपट त्याच्यासाठी नसावा. हे नुकसान फार मोठं आहे. 'स्थळ'सारखा चित्रपट विदर्भातल्या खेड्यात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला आहे. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमातून गेलेली प्रत्येक बाई त्याची प्रेक्षक आहे. महिला दिनाच्या आदल्या दिवशी तो लावणं आणि सचिन पिळगावकरांसारखं घराघरात माहीत असलेलं नाव प्रस्तुतकर्ता म्हणून पुढे येणं, ही म्हणूनच नेमकी पावलं होती. प्रस्तुतकर्त्याचं नाव ही ओळखीच्या माणसाने दिलेली हमी असते.

रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'नेही हाच रस्ता धरला. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा हा मराठी चित्रपट सप्टेंबरमध्ये भारतात लावला तो अभिनेता राणा दग्गुबातीच्या स्पिरिट मीडियाने, ज्यांनी आदल्या वर्षी पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' इथे आणला होता. मराठी चित्रपटाच्या पाठीशी हैदराबादहून कोणी तरी उभं राहावं याचा आनंद आहे. मराठीत ही हिंमत दाखवणारे वितरक इतके थोडे असावेत याची खंतही आहे.

ओटीटीने दार उघडलं होतं, पण ते फार काळ उघडं राहिलं नाही. २०२१ च्या टाळेबंदीच्या दिवसांत 'पिकासो' अ‍ॅमेझॉन प्राइमवर, 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आणि 'दिठी' सोनी लिववर थेट आले. चित्रपटगृहं सुरू झाल्यावर मात्र आधी पडद्यावर चालून दाखवा, मग बघू, असा सूर ऐकू येऊ लागला. म्हणजे छोट्या चित्रपटाची गाडी फिरून पुन्हा त्याच शुक्रवारपाशी आली.

याला पर्याय काय, हे काही जणांनी करून दाखवलं आहे. गोव्यात बार्ड्रॉय बार्रेटो यांनी 'नाचोंया कुंपासार' हा कोकणी चित्रपट केला, लोकांकडून पैसे उभे करून. चित्रपटगृहांच्या साखळीत तो झोकून देण्याऐवजी त्यांनी गोव्याच्या गावागावांतली सभागृहं घेतली आणि तिथे खेळ लावले. आखातातल्या गोवेकरांपर्यंतही तो असाच गेला. गायिका लॉर्ना आणि संगीतकार ख्रिस पेरी यांच्या कोकणी गाण्यांवर वाढलेली पिढी मल्टिप्लेक्सच्या रांगेत उभी राहणारी नव्हती; ती तियात्र, म्हणजे कोकणी लोकनाट्य, पाहायला जिथे जाते तिथे चित्रपट नेला, तर ती येणार होती आणि आली. डॉ. मोहन आगाशे यांनी सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' आणि 'कासव' या चित्रपटांबाबत हेच केलं. एक स्मृतिभ्रंशाविषयी, दुसरा नैराश्याविषयी. डॉक्टर, समुपदेशक, विद्यार्थी, रुग्णांचे नातेवाईक अशा समूहांसमोर खेळ करायचा आणि नंतर बसून बोलायचं. 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं होतं, पण सुवर्णकमळापेक्षा त्या खेळांनंतरच्या गप्पांनी त्याला जास्त प्रेक्षक जोडून दिले असावेत.

आनंद गांधींच्या 'शिप ऑफ थिसिअस'ने २०१३ मध्ये फेसबुकवर लोकांना विचारलं, तुमच्या शहरात चित्रपट हवा का, आणि मागणी येईल तिथे तो नेला. परदेशातली महाराष्ट्र मंडळं तर वर्षानुवर्षं हेच करत आली आहेत: आधी माणसं जमवायची, मग शनिवार-रविवारचा एखादा खेळ ठरवायचा.

खरं तर मराठी माणसाला ही पद्धत परकी नाही. मराठी नाटक कधीच एका शुक्रवारावर जगलं नाही. मुंबई-पुण्यात प्रयोग लागतात, मग कोल्हापूर, नाशिक, नागपूरचे दौरे निघतात, स्थानिक ठेकेदार प्रयोग विकत घेतात आणि नाटक वर्षानुवर्षं चालतं. जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू थिएटरांनीही चित्रपट असाच खेडोपाडी नेला. दोन्हीकडे खेळ प्रेक्षकाच्या गावी जातो आणि घाई कोणालाच नसते. छोट्या चित्रपटाने मल्टिप्लेक्सच्या साडेतीनशे शोंसाठी कर्ज काढण्यापेक्षा दहा शहरांत एकेक पडदा घेऊन सहा आठवडे टिकावं, दिग्दर्शकाने सोबत फिरावं आणि पुढचं शहर आधीच्या शहरातल्या प्रतिसादावर ठरवावं, हे जास्त शहाणपणाचं आहे.

त्यासाठी काही गोष्टी मुळातून बदलाव्या लागतील. चित्रपटाच्या खर्चाचा किमान तिसरा हिस्सा पहिल्या दिवसापासून वितरणासाठी बाजूला ठेवावा लागेल. आज तो चित्रीकरणातच संपतो आणि शेवटी दागिने गहाण पडतात. राज्य सरकारच्या अनुदानाचा काही भाग जिल्ह्याच्या ठिकाणी प्रत्यक्ष झालेल्या खेळांशी जोडता येईल. मुंबईतल्या, १९६८ पासून काम करणाऱ्या प्रभात चित्र मंडळापासून पुण्याच्या आशय फिल्म क्लबपर्यंत चित्रपट मंडळांचं जाळं राज्यात आहे. त्यांनी खेळागणिक निर्मात्याला मानधन द्यावं, सरकारने त्या मानधनात भर घालावी. नगरपालिकांची नाट्यगृहं आठवड्यातले कित्येक दिवस रिकामी असतात. तिथे चांगला प्रक्षेपक आणि पडदा बसवायला लागणारा पैसा एका स्मारकाच्या खर्चापुढे काहीच नाही.

आणि तिकिटाचं काय? २३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय चित्रपट दिनाच्या निमित्ताने देशभरातल्या मल्टिप्लेक्सनी पंचाहत्तर रुपयांत तिकीट दिलं, तेव्हा एका दिवसात पासष्ट लाख लोक आल्याचं मल्टिप्लेक्स संघटनेनेच सांगितलं होतं. छोट्या चित्रपटासाठी सोमवार ते गुरुवार हाच दर ठेवायला चित्रपटगृहांना काय अडचण आहे? खुर्च्या तशाही रिकाम्याच असतात.