‘बनगरवाडी’ आणि आईचा बहात्तरचा दुष्काळ

आई शर्कला आमच्याकडे आली की घरात नळ धो-धो सोडायची सोय नसते. मुलं म्हणतात, “आजी, इथं पाण्याला काय तोटा?” खरं तर समुद्राचं पाणी गोडं करण्याचा कारखाना १९५३ साली सुरू होण्याआधी कुवेतलाही पिण्याचं पाणी शत्त अल-अरबहून गलबतांनी यायचं. पण आईचा धाक निराळा आहे. ती माणदेशातली, आणि बहात्तरच्या दुष्काळात सतरा वर्षांची होती.

गेल्या हिवाळ्यात तिला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वाचून दाखवली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत राजाराम हा तरुण मास्तर येतो, शाळेत पोरं जमवतो, गावाकडून तालीम उभी करवतो. शेवटी पाऊस दडी मारतो, मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात. माडगूळकर आकडे देत नाहीत की गळा काढत नाहीत. वाडी ओस पडताना नुसती दाखवतात. म्हणूनच ते पुस्तक मिटल्यावरही सोडत नाही.

पुस्तक संपल्यावर आई म्हणाली, “मास्तर चांगला हाय रं. पर त्यो चुलीपाशी बसला न्हाई.”

मला हीच कादंबरीची खरी मर्यादा वाटते. सगळा दुष्काळ आपल्याला मास्तरच्या नजरेतून दिसतो. घराच्या आतला दिसत नाही. आई सांगते ती गोष्ट आतली आहे. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, कामावर मिळालेली सुकडी पदराला बांधून आणायची, लाल मिलोच्या भाकरी थापायच्या. “म्या जेवले,” म्हणून सासू पाणी पिऊन निजायची. पण हाताला काम मिळालं म्हणून गाव टिकलं. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. बनगरवाडीच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

आपण परदेशातले लोक स्वतःला ‘जगायला बाहेर पडलेले’ समजतो. मला मात्र वाटतं, आपण त्या मास्तरसारखे आहोत : पगारदार, मायाळू, आणि चुलीपासून लांब. पस्तिशी उलटेपर्यंत मी आईला बहात्तरबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता.

‘बनगरवाडी’ जरूर वाचा. आणि जमलं तर घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. पुस्तकात राहून गेलेलं त्या सांगतील.