व्ही-आयचे व्याकरण

व्ही-आय या संपादनसाधनाविषयी आजवर जी चर्चा झाली, ती बहुतांशी वेगाच्या मुद्द्याभोवती फिरत राहिली आहे. माउसला हात न लावता काम उरकते, बोटे आपल्या जागेवरून हलत नाहीत, यांसारख्या गोष्टींचे कौतुक पुष्कळ झाले. हे कौतुक खोटे नाही. परंतु ते या कृतीच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. व्ही-आयचा खरा विशेष त्याने संपादनक्रियेला जे व्याकरण दिले त्यात आहे, आणि त्याच्या मर्यादाही त्या व्याकरणातूनच उद्भवल्या आहेत.

१९७६ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बिल जॉय यांनी या साधनाची उभारणी आरंभिली. त्यापूर्वी युनिक्सवर केन थॉम्प्सन यांचे 'ईडी' रूढ होते. ते मागितल्यावाचून मजकुराची एक ओळही दाखवीत नसे. जॉय ज्या मोडेमवर काम करीत, त्याचा वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे एवढा होता. चोवीस ओळींचा, ऐंशी स्तंभांचा पडदा एकदा भरावयाचा झाल्यास मिनिटाहून अधिक काळ लागावा! अशा स्थितीत थोड्या कळांत पुष्कळ अर्थ भरणे ही हौस नव्हती, गरज होती. व्ही-आयच्या आज्ञा एकेका अक्षराच्या का, याचे उत्तर येथे मिळते. काटकसरीतून व्याकरण कसे निर्माण झाले, हा प्रश्न मात्र उरतो.

त्याचे उत्तर रचनेत शोधावयास हवे. व्ही-आयमध्ये 'डी' म्हणजे पुसणे, 'वाय' म्हणजे नकलून घेणे, 'सी' म्हणजे बदलणे. ही झाली क्रियापदे. 'डब्ल्यू' म्हणजे पुढील शब्दापर्यंत, डॉलरचे चिन्ह म्हणजे ओळीच्या अखेरीपर्यंत, महिरपी कंस म्हणजे परिच्छेदाच्या अखेरीपर्यंत. ही त्यांची कर्मे. कोणतेही क्रियापद कोणत्याही कर्माशी जोडता येते. म्हणून दहा क्रियापदे आणि वीस कर्मे शिकणाऱ्याच्या हाती तीस नव्हे, तर दोनशे आज्ञा येतात. बहुतेक संपादनसाधनांत आज्ञांची यादी पाठ करावी लागते. येथे ती पाठ न करता रचता येते. पाठांतर आणि भाषाज्ञान यांत जो फरक, तोच येथेही आहे. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेल्या 'विम'ने कालांतराने या व्याकरणात 'कंसाच्या आतील', 'अवतरणचिन्हांच्या आतील', 'संपूर्ण परिच्छेद' अशी नवी कर्मे घातली. जुन्या क्रियापदांना धक्का न लावता ती बेमालूम बसली, यावरूनच मूळ रचनेचे बळ ध्यानात यावे.

या साधनावरील प्रमुख आक्षेप अवस्थांचा. एका अवस्थेत अक्षर दाबले की ते उमटते, दुसऱ्या अवस्थेत तेच अक्षर आज्ञा ठरते. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात लॅरी टेस्लर यांनी अशा अवस्थांविरुद्ध निष्ठेने मोहीम चालविली. तेथील 'ब्राव्हो' या संपादनसाधनात 'एडिट' हा शब्द चुकीच्या अवस्थेत टंकला असता पहिल्या अक्षराने सर्व मजकूर निवडला जाई, दुसऱ्याने पुसला जाई आणि तिसऱ्या-चौथ्याने त्या जागी एकटे 'टी' उमटे, असा किस्सा सांगितला जातो. पत्र लिहिणाऱ्या नवख्याच्या दृष्टीने टेस्लर यांचा आक्षेप बिनतोड आहे. तथापि प्रोग्रॅमरचे काम निराळे. तो नवे लिहितो थोडे; वाचतो, हलवितो, दुरुस्त करतो अधिक. त्याच्यासाठी लेखनावस्था हा अपवाद मानणे आणि आज्ञावस्था हे मूळ स्थान मानणे, हे व्ही-आयने ओळखले. आक्षेप घेणाऱ्यांनी या भेदाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणावे लागते.

अधिक गंभीर उणीव क्रमाची आहे. व्ही-आयचे वाक्य इंग्रजी आज्ञार्थाप्रमाणे क्रियापदाने सुरू होते. कर्म पूर्ण होताच क्रिया घडून जाते आणि अंदाज चुकला असल्यास तो मागाहून कळतो. 'काकून' व 'हेलिक्स' या अलीकडच्या साधनांनी हा क्रम उलटविला. प्रथम मजकूर निवडला जातो, तो डोळ्यांना दिसतो, मग क्रियापद येते. (मराठी वाक्याचा क्रमही हाच, हा योगायोग गमतीचा खरा.) विममध्ये निवडीची एक स्वतंत्र अवस्था आहे, पण ती त्याच्या व्याकरणाचा पाया नव्हे.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्याला या व्याकरणाची खरी कसोटी लागते ती वेगळ्याच ठिकाणी. आज्ञा रोमन अक्षरांच्या. म्हणून देवनागरी कळफलक लावताच त्या मुक्या होतात. विमने यावर 'कीमॅप' नावाची सोय दिली आहे. तिच्यामुळे देवनागरी केवळ लेखनावस्थेत व शोधावयाचे अक्षर देताना लागू होते, आज्ञा रोमनच राहतात. ही सोय चोख आहे. अडचण त्यापुढची. 'विद्यार्थी' हा शब्द युनिकोडमध्ये दहा संकेतांचा. वाचकाच्या लेखी त्यात तीन अक्षरे आहेत. आणि विमच्या रूढ आवृत्त्या त्यात वि, द्, या, र्, थी अशी पाच एकके मोजतात. यांतील चौथे एकक पुसले असता केवळ रफार जातो. मुद्रितशोधनात हे उपयोगी पडते. परंतु रफार डोळ्यांना दिसतो 'थी'च्या माथ्यावर आणि साधनाच्या हिशेबी तो 'थी'च्या आधी उभा असतो. दृष्टी आणि हात यांची ही फारकत सवयीनेच सोसावी लागते.

'शब्द' या कल्पनेचे तर दोन तुकडे झाले आहेत. शब्दावरून शब्दावर जाताना विम मराठी शब्द नीट ओळखते, पूर्णविरामाचा दंडही वेगळा काढते. मात्र शोधाच्या भाषेत शब्दाच्या घटक अक्षरासाठी जे तिरप्या रेघेचे चिन्ह आहे, त्यात केवळ रोमन अक्षरे, अंक व अधोरेखा एवढीच बसतात. परिणामी त्या चिन्हाने एखाद्या शुद्ध देवनागरी ग्रंथातील शब्द मोजावयास बसणाऱ्या अभ्यासकाला, पडद्यावर मजकूर ओसंडत असताना, उत्तर शून्य मिळते.