औषधसुरक्षेची माहिती आणि बालरुग्णांची औषधचिठ्ठी : एक चिकित्सा

औषधाच्या धोक्याविषयी नवी माहिती प्रसिद्ध झाली, की डॉक्टरांची चिठ्ठी आपोआप बदलते, असे औषधविषयक धोरणात सामान्यतः गृहीत धरले जाते. बालरुग्णांच्या संदर्भात हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे.

निमेसुलाइडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. यकृतावरील दुष्परिणामांमुळे फिनलंड व स्पेन या देशांनी २००२ मध्ये त्याची विक्री थांबविली. भारतात बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी आली ती फेब्रुवारी २०११ मध्ये. मधल्या काळात माहिती उपलब्ध होती, तापासाठी पॅरासिटामॉलचा पर्यायही होता. तरीही निर्णय चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या विवेकावर सोडला गेला. याउलट अमेरिकेत अ‍ॅस्पिरिन व राय सिंड्रोम यांच्या संबंधाचा इशारा १९८० पासून डॉक्टरांबरोबर पालकांनाही देण्यात आला. तेथे १९७९-८० मध्ये ५५५ रुग्णांची नोंद झाली होती. १९८७ नंतर ही संख्या वर्षाला ३६ च्या वर गेली नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्यातील बालमृत्यूंनंतर कोल्ड्रिफ सिरपमधील विषारी डायएथिलिन ग्लायकॉलची चर्चा झाली. काही मुलांवर नागपुरात उपचार झाल्याने महाराष्ट्रही हादरला. मात्र दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, ही केंद्राची सूचना निर्दोष औषधालाही लागू होते. क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे वेष्टनावर छापण्याचा आदेश तर डिसेंबर २०२३ मध्येच निघाला होता. दूषित औषधाचा प्रश्न कारखान्याचा, अनावश्यक औषधाचा प्रश्न दवाखान्याचा. दोहोंची गल्लत झाल्यास दुसरा प्रश्न दुर्लक्षित राहतो.

पालघर तालुक्यातील एडवणसारख्या किनारी गावाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. जवळच्या बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्रात औषधांचा कच्चा माल तयार होतो. परंतु औषधाविषयीचा इशारा बाटलीवर बारीक इंग्रजी अक्षरांत असेल, तर तो पालकांच्या उपयोगाचा नाही. दिवसाची मजुरी बुडवून मुलाला घेऊन आलेल्या आईला औषधाविना परत पाठविणे डॉक्टरांना जड जाते. जुनी चिठ्ठी दाखवून धाकट्या भावंडासाठी तेच औषध मागितले जाण्याची शक्यताही असते.

२०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमात दुष्परिणामांची माहिती दवाखान्यांकडून केंद्राकडे जाते. तिचा निष्कर्ष मराठीत, औषधाऐवजी काय करावे या सल्ल्यासह, दवाखान्यात व औषधाच्या दुकानात परत पोहोचला पाहिजे. तोपर्यंत औषध न लिहिण्याचा भार एकट्या डॉक्टरवरच राहील.