रायगड व इतिहासशिक्षक : स्थलदर्शनाच्या रीतीचें परीक्षण

इतिहासाच्या शिक्षकांस ऐतिहासिक स्थळीं नेऊन त्यांचें ज्ञान वाढवावें, ही कल्पना आतां सर्वमान्य झाली आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें प्रत्येक शिक्षकानें वर्षास निदान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठीं द्यावे अशी अपेक्षा ठेविली. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत दाखल झाले. तेव्हां ह्या तासांपैकीं कांहीं गडांवर खर्ची पडावे हें स्वाभाविकच होय. कल्पनेशीं आमचें वैर नाहीं. प्रचलित रीतीविषयीं मात्र स्पष्ट बोलणें प्राप्त आहे.

ती रीत बहुधा अशी : गड चढावयाचा, वाटाड्या सांगेल तें ऐकावयाचें, छायाचित्रें घ्यावयाचीं आणि खालीं उतरून प्रमाणपत्र स्वीकारावयाचें. रायगडचेंच उदाहरण घेऊं. बाजारपेठेचीं जोतीं उंच आहेत हें प्रत्येकास दिसतें. घोड्यावर बसूनच खरेदी करतां यावी म्हणून तीं उंच ठेविलीं, हें अनुमान आहे; परंतु शिक्षकाच्या टिपणवहींत दोन्ही गोष्टी एकाच योग्यतेनें उतरतात. हिरकणीची कथा हृद्य आहे; ती कोणत्या कागदांत प्रथम आढळते, हें मात्र बुरुजावर उभे राहून कोणी विचारीत नाहीं. छापील ग्रंथांतील प्रमाद पुढील आवृत्तींत सुधारतां येतो. शिक्षकाच्या तोंडचा प्रमाद वर्षानुवर्षें मुलांच्या वह्यांत उतरत राहतो, आणि त्याचें शुद्धिपत्र निघत नाहीं.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, स्थळ हेंहि एक साधन आहे. तें कागदाप्रमाणें वाचावें लागतें, आणि कागदाशेजारीं ठेवून वाचावें लागतें. जगदीश्वराच्या मंदिरापाशीं संस्कृत शिलालेख आहे. त्यांत शक अंकांनीं न देतां षट्, नव, बाण व भूमि ह्या शब्दांनीं दिला आहे. ह्यांचे अंक सहा, नऊ, पांच व एक. ते उजवीकडून डावीकडे मांडले म्हणजे १५९६ होतात. संवत्सर आनंद. हाच राज्याभिषेकाचा शक, म्हणजे इ. स. १६७४. ही उकल एकदां स्वतःच्या हातीं करणाऱ्या शिक्षकास कालगणनेचा पाठ निराळा शिकवावा लागणार नाहीं. जवळच पायरीवर हिरोजीचें नांव कोरलेलें आहे. तेंहि ज्यानें त्यानें अक्षरें लावून वाचावें, खडू भरून नव्हे.

दुसरें उदाहरण नगारखान्याचें. राज्याभिषेकसमयीं इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन गडावर होता. राजद्वारापाशीं उभे केलेले हत्ती पाहून, इतक्या अवघड वाटेनें हे वर आणले कसे, याचें त्यास नवल वाटल्याचें त्याच्या वृत्तांतांत आहे. हा उतारा वर्गांत वाचला तर एक गंमत ठरतो. पायऱ्या चढून थकलेल्या शिक्षकानें तो तेथेंच वाचला तर गडाची दुर्गमता, तिचा राजधानीस होणारा उपयोग व अडचण, हीं सर्व एकदम ध्यानांत येतात. रोपवेनें वर गेलेल्यास त्या आश्चर्याचें मोल कळणें कठीण.

तिसरी गोष्ट काळाच्या थरांची. १६८९ त गड मोगलांकडे गेला, पुढें पुनः मराठ्यांकडे आला, आणि मे १८१८ मध्यें इंग्रजांच्या तोफांनीं व पाठोपाठच्या आगीनें त्याची दुर्दशा झाली. तेव्हां समोरची भिंत १६७४ ची, नंतरची कीं अलीकडील दुरुस्तीची, हा प्रश्न पावलोपावलीं पडला पाहिजे. तो न पडतां झालेलें दर्शन यात्रा असेल, अभ्यास नव्हे.

ह्यावर असा आक्षेप येईल कीं, अशा चिकित्सेनें शिक्षकाचा उत्साह मावळेल आणि मुलें कंटाळतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. हिरकणी वगळावी असें आम्ही म्हणत नाहीं. लोककथा म्हणून ती अवश्य सांगावी. प्रत्येक शिक्षकानें परततांना एकच पान लिहावें व त्याचे तीन रकाने करावे : डोळ्यांनीं काय पाहिलें, कागदांत काय वाचलें, आणि लोकांकडून काय ऐकलें. प्रमाणपत्र द्यावयाचेंच तर ह्या पानावर द्यावें.

तथापि सर्व दोष शिक्षकांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. त्यांस मोडी येत नाहीं, आणि ज्यांच्या संग्रहीं मोडी दफ्तरें आहेत ते गांठोडीं सोडीत नाहींत. राजवाड्यांनीं १८९८ त साधनांचा पहिला खंड काढला तो घरोघरच्या दफ्तरांच्या आधारें. कागद उजेडांत आणावे हाच त्यांचा धडा होता. आज आमच्यापैकीं कित्येकांच्या पेट्यांत गांवच्याच घाटाचा, बारवेचा किंवा गढीचा कागद पडून असेल. प्रत्येक संग्राहकानें असा एक कागद निवडावा, त्याची स्वच्छ प्रत व बाळबोध लिप्यंतर करून जवळच्या शाळेच्या इतिहासशिक्षकास द्यावें, आणि त्या स्थळीं त्याच्यासमवेत एक दिवस जावें. रायगड दूर असेल. गांवची बारव दूर नाहीं.